एकच फंक्शन, सगळ्या फायलींसाठी

एक्सेलमध्ये चारशेहून अधिक फंक्शन्स तयार मिळतात. बेरीज, सरासरी, कर्जाचा हप्ता, दोन तारखांमधले दिवस अशा बहुतेक हिशेबांची सोय त्यांत आहे. पण व्हाउचर, पावती किंवा चेक लिहिताना रोज लागणारे एक काम त्यांतले एकही फंक्शन करत नाही: आकड्यातली रक्कम मराठीत अक्षरी लिहिणे. थाई भाषेसाठी ‘बाटटेक्स्ट’ नावाचे फंक्शन एक्सेलमध्ये आहे. रक्कम दिली की ते ती थाई शब्दांत लिहून देते. मराठीसाठी, हिंदीसाठी किंवा इंग्रजीसाठीही तसे काही नाही. मायक्रोसॉफ्टने इंग्रजीसाठी एक नमुना कोड प्रसिद्ध केला आहे, पण त्यात डॉलर, सेंट आणि मिलियन आहेत. लाख आणि कोटी नाहीत.

अशी उणीव भरून काढण्यासाठी एक्सेल वापरणाऱ्याला स्वतःचे फंक्शन लिहू देते. त्याला यूडीएफ, म्हणजे युजर डिफाइंड फंक्शन, असे म्हणतात. १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर व्हीबीए ही भाषा आली आणि तेव्हापासून हे काम बहुतेक करून तिच्यातच होत आले. फंक्शन लिहिणे हा कामाचा पहिला भाग. ते फंक्शन आज उघडलेल्या फाइलमध्ये चालते, तसे उद्या उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये चालावे, शेजारच्या टेबलावरच्या संगणकावरही चालावे, हा दुसरा भाग. अनेकांची गाडी या दुसऱ्या भागात अडते.

फंक्शन एका फाइलमध्ये का अडकते

व्हीबीएमधले फंक्शन लिहिण्यासाठी ऑल्ट आणि एफ-११ ही बटणे एकत्र दाबून व्हीबीएची खिडकी उघडतात. तिथे ‘इन्सर्ट’ मेनूतून ‘मॉड्यूल’ घेतात आणि त्यात कोड लिहितात. मॉड्यूल घेणे महत्त्वाचे आहे. शीटच्या किंवा ‘धिसवर्कबुक’च्या कोडपानावर लिहिलेले फंक्शन सेलमधल्या फॉर्म्युल्याला सापडत नाही आणि सेलमध्ये ‘#नेम?’ ही चूक दिसते.

हे मॉड्यूल ज्या फाइलमध्ये लिहिले त्या फाइलचाच भाग असते. नेहमीच्या एक्सएलएसएक्स प्रकारच्या फाइलमध्ये कोड राहूच शकत नाही. तशी फाइल सेव्ह करताना एक्सेल इशारा देते आणि तो न वाचता ‘यस’ दाबले तर कोड नाहीसा होतो. म्हणून कोड असलेली फाइल एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करावी लागते. एवढे केले तरी दुसऱ्या फाइलमध्ये तेच फंक्शन नुसत्या नावाने लिहिले, की पुन्हा ‘#नेम?’ येते, कारण त्या फाइलला ते नाव ठाऊक नसते.

यावर सहज सुचणारा मार्ग म्हणजे मॉड्यूल प्रत्येक फाइलमध्ये कॉपी करणे. तो दोन-चार फायलींपुरता ठीक आहे, पण त्याचा धोका अक्षरी रकमेच्या फंक्शनमधूनच स्पष्ट दिसतो. रुपयांतला अपूर्णांक शंभराने गुणून त्याचा पूर्णांक घेतला की पैसे मिळतील, असे कोणालाही वाटेल. पण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो आणि ०.२९ ही संख्या त्या पद्धतीत नेमकी बसत नाही. तिला शंभराने गुणल्यावर उत्तर २९ पेक्षा किंचित कमी येते आणि पूर्णांक घेताच २९ पैशांचे २८ पैसे होतात. रक्कम पैशांत बदलल्यावर आधी जवळच्या पूर्णांकापर्यंत पूर्ण केली की ही चूक सुटते. एका ओळीची ही दुरुस्ती आहे. मात्र कोड तीस फायलींमध्ये कॉपी केलेला असेल तर तीस ठिकाणी करावी लागते आणि एखादी फाइल सुटली तर त्या फाइलमधून चुकीची व्हाउचर्स निघत राहतात. फंक्शन एकाच जागी ठेवण्याचे खरे कारण हे आहे. टंकनाचे कष्ट वाचतात ते वेगळेच.

पहिला मार्ग: पर्सनल मॅक्रो वर्कबुक

एक्सेल सुरू होते तेव्हा ‘एक्सएलस्टार्ट’ नावाच्या फोल्डरमधल्या फायली आपोआप उघडते. त्या फोल्डरमध्ये ‘पर्सनल’ नावाची एक्सएलएसबी प्रकारची फाइल ठेवली तर ती प्रत्येक वेळी पडद्यामागे उघडलेली राहते. तिलाच पर्सनल मॅक्रो वर्कबुक म्हणतात. ही फाइल सुरुवातीला नसते. ती तयार करण्याची सोपी रीत अशी: ‘रेकॉर्ड मॅक्रो’ निवडायचे, मॅक्रो कुठे ठेवायचे या प्रश्नाला ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ असे उत्तर द्यायचे, एखाद्या सेलवर क्लिक करायचे आणि रेकॉर्डिंग थांबवायचे. व्हीबीएच्या खिडकीत डाव्या बाजूला पर्सनल नावाचा प्रकल्प दिसू लागतो. त्याच्या मॉड्यूलमध्ये फंक्शन लिहून फाइल सेव्ह केली की काम झाले.

या मार्गात एक अडचण राहते. सेलमध्ये फंक्शन वापरताना त्याच्या नावाआधी फाइलचे पूर्ण नाव आणि उद्गारचिन्ह लिहावे लागते. नुसते ‘=अक्षरी(बी७)’ चालत नाही; ‘=पर्सनल.एक्सएलएसबी!अक्षरी(बी७)’ असे लिहावे लागते. बटणाने चालवायच्या मॅक्रोंसाठी पर्सनल वर्कबुक उत्तम आहे, पण सेलमध्ये रोज टाइप करायच्या फंक्शनसाठी ते गैरसोयीचे ठरते. शिवाय ही फाइल त्या एका संगणकावरच्या त्या एका वापरकर्त्याची असते. सहकाऱ्यांना ती देणे म्हणजे स्वतःची सगळी वैयक्तिक मॅक्रो देणे.

दुसरा मार्ग: अ‍ॅड-इन

स्वतःची फंक्शन्स सगळ्या फायलींमध्ये नुसत्या नावाने चालावीत, यासाठी एक्सेलने ठेवलेली जागा म्हणजे अ‍ॅड-इन. अ‍ॅड-इन हीही एक वर्कबुकच असते. फरक एवढाच की तिची खिडकी दिसत नाही आणि तिच्यातली फंक्शन्स एक्सेलच्या मूळ फंक्शन्ससारखी, कोणताही उपसर्ग न लावता, कोणत्याही फाइलमध्ये लिहिता येतात. २००७ च्या आवृत्तीपासून तिचा प्रकार एक्सएलएएम आहे. त्याआधी तो एक्सएलए होता.

नवी कोरी फाइल घ्यायची, तिच्यात मॉड्यूल घालून फंक्शन लिहायचे, दोन-चार रकमा देऊन तपासायचे. मग ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये प्रकार म्हणून ‘एक्सेल अ‍ॅड-इन’ निवडायचा. प्रकार निवडताच एक्सेल स्वतःहून ‘अ‍ॅडइन्स’ नावाच्या ठरावीक फोल्डरमध्ये जाते. फाइल तिथेच ठेवणे सोयीचे. त्यानंतर ‘फाइल’ मेनूतून ‘ऑप्शन्स’, तिथून ‘अ‍ॅड-इन्स’, खालच्या बाजूला ‘एक्सेल अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’ असे गेले की उपलब्ध अ‍ॅड-इन्सची यादी उघडते. यादीत नव्या अ‍ॅड-इनच्या नावापुढे खूण केली की ती चालू होते आणि पुढे एक्सेल सुरू होताना दर वेळी आपोआप येते. मॅकवर हीच यादी ‘टूल्स’ मेनूत मिळते.

अक्षरी फंक्शनचे पोट

अ‍ॅड-इन वर्कबुक असल्यामुळे तिला स्वतःच्या शीट्स असतात आणि मराठी अक्षरी रकमेसाठी त्या फार उपयोगी पडतात. इंग्रजीत विसाच्या पुढचे आकडे दहम आणि एकम जोडून बनतात. मराठीत एकपासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द आहे: सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर. ते नियमाने बनवता येत नाहीत, म्हणून ९९ शब्दांचा तक्ताच हवा. पण व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी लिहिता येत नाही. मराठी शब्द चिकटवला तर बहुतेक संगणकांवर त्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक देऊन शब्द जुळवता येतो, जसे ‘अ’साठी २३०९, पण ९९ शब्दांसाठी ही पद्धत जिकिरीची आहे. त्यापेक्षा अ‍ॅड-इनच्या शीटवर पहिल्या स्तंभात हे शब्द क्रमाने लिहून ठेवायचे आणि फंक्शनने ते तिथून वाचायचे.

इथे एक बारीक गोष्ट चुकली तर सगळे बिघडते. कोडमध्ये नुसती ‘रेंज’ लिहिली किंवा ‘अ‍ॅक्टिव्हवर्कबुक’ लिहिले, तर फंक्शन त्या क्षणी समोर उघडलेल्या फाइलमध्ये तक्ता शोधते आणि तिथे जे सापडेल ते उचलते. ‘धिसवर्कबुक’ लिहिले, तर ते कोड ज्या फाइलमध्ये आहे त्या फाइलमध्ये, म्हणजे अ‍ॅड-इनमध्येच, शोधते. स्वतःच्या फाइलमध्ये नीट चालणारे फंक्शन अ‍ॅड-इन झाल्यावर विचित्र उत्तरे देऊ लागले, तर आधी हीच जागा तपासावी.

पुढचे गणित सरळ आहे. रकमेला एक कोटीने भागून कोटी काढायचे, उरलेल्या रकमेतून लाख, मग हजार, मग शेकडा आणि शेवटी दोन अंक. प्रत्येक तुकड्यासाठी तक्त्यातला शब्द घ्यायचा. शेकड्यांना एकशे, दोनशे, तीनशे असे वेगळे रूप लागते आणि नुसत्या शंभराला ‘शंभर’ म्हणावे लागते. १२,३४,५६७.५० या रकमेचे उत्तर ‘बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट रुपये पन्नास पैसे’ असे यायला हवे. रकमेसाठी ‘लाँग’ हा प्रकार वापरू नये, कारण त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. २१५ कोटींची रक्कम दिली की सेलमध्ये ‘#व्हॅल्यू!’ येते. पैशांच्या हिशेबासाठी व्हीबीएमध्ये ‘करन्सी’ हा वेगळा प्रकार आहे, तो इथे योग्य.

नाव ठेवतानाही काळजी लागते. जीएसटी या इंग्रजी अक्षरांपुढे १८ लिहून फंक्शनला नाव दिले तर ते सेलमध्ये चालत नाही. २००७ पासून एक्सेलच्या शीटवर १६,३८४ स्तंभ आहेत आणि त्यांची नावे ए पासून एक्सएफडी पर्यंत जातात. त्यांत जीएसटी नावाचा स्तंभही आहे, त्यामुळे जीएसटी१८ हा एका सेलचा पत्ता ठरतो. तीन किंवा कमी अक्षरे आणि त्यापुढे अंक, अशी नावे टाळलेली बरी.

दुरुस्ती आणि साठवण

अ‍ॅड-इनची शीट दिसत नसल्याने तक्त्यात बदल करायचा तर व्हीबीएच्या खिडकीत त्या फाइलचा ‘इजअ‍ॅडइन’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करावा लागतो. शीट समोर येते, बदल होतो आणि गुणधर्म पुन्हा ‘ट्रू’ करता येतो. फाइल व्हीबीएच्या खिडकीतूनच सेव्ह करावी. एरवी न सेव्ह केलेल्या फाइलबद्दल एक्सेल बंद करताना विचारते. अ‍ॅड-इनबद्दल विचारत नाही आणि केलेले काम मुकाट्याने जाते.

दुरुस्तीनंतर जुन्या सेल्समधली उत्तरे लगेच बदलत नाहीत. स्वतःच्या फंक्शनला दिलेली माहिती बदलली तरच एक्सेल त्याचे उत्तर पुन्हा काढते. फंक्शनच्या आतला कोड किंवा तक्ता बदलल्याचे त्याला कळत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-९ एकत्र दाबले की उघड्या फायलींमधले सगळे फॉर्म्युले नव्याने मोजले जातात.

सगळ्या ऑफिससाठी एकच प्रत

अ‍ॅड-इन सहकाऱ्यांना देण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे फाइलची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर ठेवणे. त्यात पुन्हा अनेक प्रतींचा प्रश्न येतो, पण फायलींइतक्या नव्हे, माणसांइतक्याच प्रती होतात. दुसरी म्हणजे ऑफिसच्या सामाईक नेटवर्क फोल्डरमध्ये एकच प्रत ठेवून सगळ्यांनी तीच जोडणे. जोडताना एक्सेल विचारू शकते की ही फाइल स्वतःच्या अ‍ॅड-इन फोल्डरमध्ये कॉपी करायची का. तिथे ‘नो’ म्हणायचे. ‘यस’ म्हटले की त्या संगणकावर वेगळी प्रत तयार होते आणि पुढच्या दुरुस्त्या तिथे पोहोचत नाहीत. सामाईक प्रतीला ‘रीड ओन्ली’ करून ठेवले तर कोणी वापरत असतानाही नवी आवृत्ती तिच्या जागी ठेवणे सोपे जाते.

ईमेलने किंवा इंटरनेटवरून आलेली अ‍ॅड-इन यादीत खूण करूनही चालत नसेल, तर त्याचे कारण बहुधा सुरक्षेचे असते. मॅक्रोंमधून व्हायरस पसरण्याचे प्रकार वाढल्याने २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधली मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. फाइल कोणाकडून आली याची खात्री असेल तर फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण करता येते. सरसकट सगळी मॅक्रो चालू करणारी सेटिंग मात्र कधीही निवडू नये.

फाइल बाहेर पाठवताना

अ‍ॅड-इनमधले फंक्शन वापरलेली फाइल ऑडिटरकडे किंवा बँकेकडे गेली, तर तिथे ती अ‍ॅड-इन नसते. फाइल उघडल्यावर आधी जुने उत्तर दिसत राहते, पण तो सेल पुन्हा मोजला गेला की ‘#नेम?’ येते. त्यांच्याकडेही ती अ‍ॅड-इन असेल, पण वेगळ्या फोल्डरमध्ये, तर फॉर्म्युल्यात पाठवणाऱ्याच्या संगणकावरचा पूर्ण पत्ता घुसलेला दिसू शकतो. ‘डेटा’ टॅबमधल्या लिंक्सच्या यादीतून नवी जागा दाखवली की तो सुधारतो. ज्यांना हिशेब पुढे चालवायचा नाही, फक्त पाहायचा आहे, त्यांना पाठवताना असे सेल्स कॉपी करून ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करावेत, म्हणजे फॉर्म्युला जातो आणि उत्तर राहते. फाइल अर्थातच वेगळ्या नावाने सेव्ह करून.

तिसरा मार्ग: लॅम्ब्डा

२०२० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने लॅम्ब्डा हे फंक्शन चाचणीसाठी आणले आणि २०२२ मध्ये ते मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या सर्वसाधारण वापरकर्त्यांना मिळाले. एक्सेल २०२४ मध्येही ते आहे. यात व्हीबीए लागत नाही. नेहमीच्या फॉर्म्युल्यांतूनच नवे फंक्शन बनवता येते. जीएसटीसह किमतीतून कर वेगळा काढायचा असेल तर सूत्र असे: =लॅम्ब्डा(रक्कम, दर, रक्कम*दर/(१००+दर)). कंट्रोल आणि एफ-३ दाबून ‘नेम मॅनेजर’ उघडायचा, नवे नाव द्यायचे आणि खालच्या चौकटीत हे सूत्र लिहायचे. मग कुठल्याही सेलमध्ये ते नाव लिहून १,१८० आणि १८ दिले की १८० मिळतात. सूत्रात मराठी शब्द सरळ लिहिता येतात, फाइल साधी एक्सएलएसएक्स राहते, मॅक्रोचा इशारा येत नाही आणि ब्राउझरमधल्या एक्सेलवरही ते चालते. व्हीबीए तिथे किंवा मोबाइलवर चालत नाही.

फाइल दुसऱ्याकडे गेली तर लॅम्ब्डा तिच्यासोबत जाते, हा मोठा फायदा. मात्र ती फाइलसोबत राहते म्हणूनच इतर फायलींना आपोआप मिळत नाही. त्यासाठी दोन युक्त्या आहेत. ते फंक्शन वापरलेली शीट दुसऱ्या फाइलमध्ये कॉपी केली की नावही सोबत जाते. दुसरी युक्ती साच्याची: लॅम्ब्डा असलेली फाइल ‘बुक’ या नावाने एक्सएलटीएक्स प्रकारात एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये ठेवली, तर कंट्रोल-एन दाबून उघडलेल्या प्रत्येक नव्या फाइलमध्ये ती तयार मिळते. दोन्हींत प्रती होतात, त्यामुळे दुरुस्तीचा जुना प्रश्न राहतो. जुन्या आवृत्त्यांना लॅम्ब्डा कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस

गुगल शीट्समध्ये ‘डेटा’ मेनूत ‘नेम्ड फंक्शन्स’ आहेत. २०२२ मध्ये आलेली ही सोय लॅम्ब्डासारखीच आहे आणि दुसऱ्या फाइलमधली फंक्शन्स ‘इम्पोर्ट’ करता येतात. पण इम्पोर्ट म्हणजे प्रत, मूळ फंक्शन बदलले तरी ती बदलत नाही. मोठ्या कामासाठी अ‍ॅप्स स्क्रिप्ट वापरतात. त्यात जावास्क्रिप्टने फंक्शन लिहिता येते आणि देवनागरी शब्दही थेट लिहिता येतात. हा कोडही त्या एका शीटला बांधलेला असतो. फाइलची प्रत काढली की कोडचीही प्रत होते. सगळ्या फायलींमध्ये एकच कोड हवा असेल तर तो अ‍ॅड-ऑन म्हणून प्रकाशित करावा लागतो.

मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ही गोष्ट सर्वांत सोपी आहे. मॅक्रोच्या खिडकीत ‘माय मॅक्रोज’ या शीर्षकाखाली ‘स्टँडर्ड’ नावाचा संग्रह असतो. त्यातले फंक्शन त्या संगणकावरच्या प्रत्येक शीटमध्ये नुसत्या नावाने चालते. मराठी शब्द कोडमध्ये थेट लिहिता येतात, त्यामुळे अक्षरी रकमेसाठी वेगळा तक्ता लपवावा लागत नाही.

निवड कशी करावी

एकट्याच्या बटणांच्या मॅक्रोंसाठी पर्सनल वर्कबुक पुरते. रोजच्या सेलमध्ये, अनेक फायलींत आणि अनेकांच्या हातून वापरल्या जाणाऱ्या फंक्शनसाठी अ‍ॅड-इनच योग्य. फाइल बाहेरच्या लोकांकडे चालू स्थितीत जायची असेल आणि सूत्र लहान असेल, तर लॅम्ब्डा घ्यावी.

मार्ग कोणताही असो, फंक्शन सगळीकडे पोहोचले की त्यातली चूकही सगळीकडे पोहोचते. म्हणून अ‍ॅड-इनच्या एका शीटवर आवृत्तीचा क्रमांक, बदलाची तारीख आणि केलेल्या बदलाची एक ओळ लिहून ठेवावी. शेजारी तपासणीच्या रकमांची यादी असावी: शून्य, एक रुपया, शंभर, एकशे एक, एक लाख, एक कोटी, आणि शेवटी २९ पैसे असलेली एखादी रक्कम. प्रत्येक दुरुस्तीनंतर ही यादी चालवून पाहावी आणि मगच नवी प्रत सामाईक फोल्डरमध्ये ठेवावी. फंक्शनला द्यायच्या माहितीचा क्रम मात्र एकदा वापरात आल्यावर बदलू नये, कारण जुन्या फायलींतले फॉर्म्युले त्याच क्रमावर उभे असतात. नवी माहिती घ्यायची गरज पडली तर ती शेवटी आणि ऐच्छिक ठेवावी, म्हणजे जुन्या फायलींना धक्का लागत नाही.